आमच्या पश्चात

२०२२ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. विहिरीच्या काठावर शेवाळ धरले होते. पहाटे देवळाची घंटा झाली तेव्हा आमच्या धाकट्याची आई पाणी काढावयास गेली आणि पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, रुग्णालय गाठले, शस्त्रक्रिया ठरली. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी तिने आपल्या दुखण्याविषयी एक शब्दही काढला नाही. ती एवढेच म्हणाली, "त्याची सकाळची गोळी राहिली. उपाशीपोटी द्यायची असते."

कोणती गोळी, किती, डबा कोठे ठेवला आहे, हे त्याच्या बापाला ठाऊक नव्हते. ज्या मुलाला आम्ही चाळीस वर्षे सांभाळले असे आम्ही अभिमानाने सांगत होतो, त्या मुलाला वस्तुतः एकटी त्याची आईच सांभाळत होती, हे त्या दिवशी उघड झाले. पुढील अकरा दिवस धाकटा ओटीवर बसून फाटकाकडे पाहत राहिला. बापाच्या हातून त्याने अंघोळ करून घेतली नाही. आणलेले जेवण अर्धे टाकले. तो फारसा बोलत नाही. पण रोज संध्याकाळी तो आईचे ताट मांडीत असे.

हा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी एक टपाल खात्यातून २००८ साली निवृत्त झालेला, दुसरीने आयुष्य वाडीत आणि चुलीपाशी घालविले. लेखणी एकाच्या हाती असली तरी शब्द दोघांचे आहेत. लिहिण्याचे कारण असे की, आमच्यासारखी घरे वसईच्या गावोगावी आहेत आणि ती सारी एकच प्रश्न उशाशी घेऊन निजतात: आमच्या पश्चात याचे कोण?

धाकट्याचा जन्म डिसेंबर १९८२ चा. नाताळ आठ दिवसांवर आला होता. डॉक्टरांनी बापाला बाजूला घेऊन सांगितले की मूल 'मंगोल' आहे. तेव्हा हाच शब्द वापरीत असत. आईला ते तीन दिवसांनी कळले, तेही दाईच्या कुजबुजीतून. पुढे आम्ही वाचून समजून घेतले की या अवस्थेचे वर्णन इंग्लंडमधील जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरांनी १८६६ साली केले आणि एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याने ती उद्भवते, हे जेरोम लजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. म्हणजे यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, कुणाच्या नजरेचाही नाही. पण हे ज्ञान आमच्या ओटीपर्यंत पोहोचण्यास बरीच वर्षे लागली. तोवर त्याच्या आईने पुष्कळ ऐकून घेतले.

त्या डॉक्टरांनी आणखी एक वाक्य उच्चारले होते. धीर देण्याच्या हेतूनेच ते म्हणाले, "फार काळजी करू नका. ही मुले तुमच्यामागे राहत नाहीत. वीस-पंचवीस वर्षे, बस."

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. हे वाक्य ऐकून आम्ही रडलो, हे खरे. परंतु मनाच्या तळाशी आम्हांला सुटल्यासारखेही वाटले. पुढील कित्येक वर्षे रात्रीच्या रोझरीनंतर आम्ही दोघे, एकमेकांना न सांगता, एकच मागणे मागत होतो: प्रभो, याला आमच्याआधी ने. आपल्या पोटच्या गोळ्याचे मरण मागणारे आईबाप क्रूर असतात असे कोणी म्हणेल. तथापि विशेष शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट पाहत बसणाऱ्या माउल्यांशी जेव्हा आमची ओळख वाढली, तेव्हा कळले की हे मागणे बहुतेक घरांत मागितले जाते. आपल्यानंतर लेकराकडे कोणी पाहणार नाही अशी ज्यांची खात्री झालेली असते, त्यांचे ते मागणे असते.

डॉक्टरांचे ते गणित मात्र चुकले. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात आहे. अशा अर्भकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. न्यूमोनियावर वेळीच औषध मिळू लागले. मोठमोठ्या आश्रयगृहांत कोंबली जाणारी मुले घरी वाढू लागली. आपल्याकडेही ती अधिक जगू लागली. मुले जगली, पण त्यांच्या दीर्घायुष्याची तयारी ना घरांनी केली, ना गावाने.

लहानपणी मदतीचे हात होते, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ सालापासूनची. एका पारशी दांपत्याने आपल्या जय नावाच्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या कन्येसाठी ती आरंभिली. पुण्यात सिंधुताई जोशी यांची 'कामायनी' १९६४ ची. अशा पायवाटा पडल्यामुळेच पुढे उपनगरांतून शाळा निघाल्या. आमच्या धाकट्याला त्यांपैकी एकीत प्रवेश मिळाला. त्याची आई दहा वर्षे त्याला घेऊन लोकलने जात होती. तो शिकला काय? बुटाची नाडी बांधणे, स्वतः जेवणे, रांगेत उभे राहणे, आपले नाव सांगणे. नाडी बांधावयास दोन वर्षे लागली. ज्या दिवशी गाठ जमली त्या दिवशी वसई रोडच्या फलाटावर तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपला पाय दाखवीत होता.

१९९१ साली 'चौकट राजा' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. गावची पोरे आमच्या धाकट्याला नंदू म्हणू लागली. प्रथम आम्हांला राग आला. पण पूर्वी त्याला 'येडा' म्हणून खडे मारणारी हीच पोरे होती; आता निदान ती त्याला खेळात घेऊ लागली. गोलंदाजी नाही, तर चेंडू आणून देण्याचे काम. ते त्याने निष्ठेने केले.

मग २००० साल उजाडले आणि त्याला अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच जूनमध्ये शाळा सुटली. नेहमीसारखी संध्याकाळी नव्हे, कायमची. बाईंनी निरोपाला नारळ दिला आणि सांगितले, आता पुढचे घरीच. आजही परिस्थिती फार वेगळी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांऐवजी एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण एकोणिसाव्या वर्षी सकाळी उठून त्याने जावे कोठे, याचे उत्तर फार थोड्या गावांत आहे.

पाच वर्षे तो ओटीवर बसला. वजन वाढले, त्वचा कोरडी पडली, बोलणे जवळजवळ थांबले. येणारेजाणारे म्हणत, "ही मुले अशीच असतात." आम्हीही तेच म्हणू लागलो. आमचा मोठा अपराध कोणता असेल तर हा. एका तरुण डॉक्टर मुलीने रक्त तपासावयास सांगितले, तेव्हा थायरॉइडचा विकार निघाला. डाऊन सिंड्रोममध्ये तो वारंवार आढळतो आणि एका गोळीने आटोक्यात राहतो. उपाशीपोटी द्यावयाची ती गोळी हीच. दोन-तीन महिन्यांत पोर पुन्हा हसू लागले. वाचकहो, अशा व्यक्तीच्या वागण्यात बदल दिसला तर 'तो असाच' असे कोणी म्हणू नये. दात दुखत असेल, कान बंद झाला असेल, डोळ्यांत मोतीबिंदू वाढत असेल, मनाला काही लागले असेल. त्याला सांगता येत नाही, एवढेच.

त्याला काम मिळाले ते शेजारच्या वाडीत. शेजाऱ्यांची सोनचाफ्याची झाडे आहेत. फुले पहाटे खुडून दादरच्या बाजारात जातात. धाकट्याला पाचाच्या पुढे मोजता येत नाही. शेजारच्या काकींनी त्यावर तोड काढली. अंड्यांचा तीस खळग्यांचा पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितले, प्रत्येक खळग्यात एक फूल ठेव. पुठ्ठा भरला की तीस झाली. त्या दिवसापासून त्याचे मोजणे चुकले नाही. शनिवारी त्या त्याच्याच हातावर मजुरी ठेवतात, आमच्या नव्हे. एकदा आम्ही भिडेने म्हटले, "पैसे कशाला देता? त्याचा वेळ जातो हेच पुष्कळ." काकी रागावल्या. म्हणाल्या, "काम त्याने केलंय. तुम्ही कोण नको म्हणणारे?"

आम्ही कोण, हा प्रश्न २००९ साली एका बँकेनेही आम्हांला विचारला. त्याच्या नावे ठेव ठेवावयाची होती. अधिकाऱ्यांनी सांगितले की मुलगा सज्ञान आहे, त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार तुम्हांला नाही. आम्ही अवाक् झालो. आईबाप जन्मभर पालक असतात अशी आमची समजूत होती. कायद्याच्या दृष्टीने अठराव्या वर्षी ते पालकत्व संपते, मग मुलाची समज कितीही असो. अशांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला आहे. त्याअन्वये जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे स्वरूप. कायदेशीर पालक तीच नेमते. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. आम्ही ठाण्याला खेपा घातल्या.

सुनावणीच्या दिवशी एक गोष्ट घडली. समितीतील एका गृहस्थांनी आमच्याकडे न पाहता धाकट्याला विचारले, "तुम्हांला कोणाजवळ राहायला आवडेल?" सत्तावीस वर्षांत त्याला 'तुम्ही' असे कोणी संबोधिले नव्हते. तो गोंधळून मागे पाहू लागला. मग म्हणाला, "घरी." गृहस्थ म्हणाले, "आईबाबा म्हातारे झाले की ताईजवळ जाल ना?" त्याने मान हलविली. "ताई येईल. मी घरी."

आम्ही ते हसण्यावारी नेले. ताई बोरिवलीला राहते, तिचा संसार आहे, तो तिच्याकडे जाईल असे आम्ही केव्हाच ठरवून टाकले होते. त्याला विचारले नव्हते. आणि तिला?

आईच्या अपघातानंतर लेक धावून आली. महिनाभर तिने दोन घरे ओढली. एके रात्री भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "मी दहा वर्षांची असल्यापासून मला ठाऊक आहे की हा माझ्यावर येणार. दोन ठिकाणी माझं लग्न ह्याच्यामुळे मोडलं, हे मी कधी बोलले नाही. माझी ना नाही. पण तुम्ही दोघांनी मला एकदाही विचारलं नाही." बापाने मान खाली घातली. आई पलंगावर पडल्या पडल्या रडली. आम्ही एका लेकराच्या काळजीत दुसऱ्याला गृहीत धरले होते. ज्या घरात असे एक मूल असते त्या घरातील इतर मुले फार लवकर मोठी होतात आणि त्यांच्या मोठेपणाचे कोणी कौतुकही करीत नाही.

त्या रात्रीपासून खऱ्या अर्थाने आमच्या तयारीस प्रारंभ झाला.

पहिले काम वहीचे. दोनशे पानी वहीत आईने सांगावयाचे आणि बापाने लिहावयाचे असा नेम धरला. गोळी कोणती व केव्हा. अंघोळीचे पाणी आधी पायांवर घालावे, डोक्यावर एकदम घालू नये. फटाक्यांना भितो, दिवाळीत खिडक्या लावून रेडिओ मोठा ठेवावा. 'पाव' म्हणजे पाव, पण 'पावपाव' म्हणजे पोटात दुखते. रागावला तर समजावू नये, थोडा वेळ एकटे सोडावे. आजी वारली हे त्याला ठाऊक आहे. खोटे सांगू नये. सत्तर पाने झाली. लिहिता लिहिता बापाला आपला मुलगा नव्याने कळला.

दुसरे काम कागदांचे. त्याचे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र नवे करून घेतले. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत, जिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, नाव नोंदविले. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास हयातभर कुटुंब-निवृत्तिवेतन मिळू शकते. ते नाव आमच्या हयातीतच कागदोपत्री चढविले. मृत्युपत्र केले. आपल्या समाजात मृत्युपत्राचे नाव काढले की अपशकुन मानतात. परंतु ते नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेला तिसरा हिस्सा जाऊन उरलेले मुलांत समान वाटले जाते. धाकट्याचा वाटा त्याच्या नावे होईल, पण तो सांभाळणार कोण आणि त्याला फसविणार कोण? म्हणून त्याचा वाटा थेट त्याच्या नावे न ठेवता विश्वस्तांकडे सोपविण्याची तजवीज केली. एक विश्वस्त ताई, दुसरा भाचा, आणि तिसरे रक्ताचे नसलेले एक निवृत्त शिक्षक. घरच्यांनाही विचारणारे कोणी असावे म्हणून.

तिसरे काम सर्वांत अवघड, ते माणसांचे. लेकीने आठ जणांना जेवायला बोलाविले आणि सरळ विचारले, "ह्याच्यासाठी एकेक गोष्ट कोण करील?" आम्हांला संकोचाने मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाचा रिक्षा चालवितो; तो म्हणाला, दर महिन्याच्या तपासणीस मी नेईन. काकींनी काम आणि दुपारचे जेवण घेतले. गावातील एका तरुणाने रविवारी त्याला मिस्साला नेण्याचे व नंतर क्रिकेटला बसविण्याचे पत्करले. शिक्षकांनी बँकेचे पुस्तक. आठांपैकी दोघे पुढे आले नाहीत. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. ताईने एवढेच मागितले की आपण त्याची बहीण राहू, परिचारिका नव्हे.

या संदर्भात आम्हांस लार्शची आठवण होते. फ्रान्समध्ये १९६४ साली ज्याँ व्हानिए यांनी दोन मतिमंद पुरुषांसमवेत एकाच घरात राहण्यास सुरुवात केली. त्यातून जगभर घरे झाली. बंगळूरचे 'आशा निकेतन' १९७० चे. आम्ही व्हानिएंना संत मानीत होतो. ते २०१९ साली वारले आणि पुढील वर्षी लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीतून उघड झाले की त्यांनी काही स्त्रियांचे शोषण केले होते. आम्हांला ते वाचून फार यातना झाल्या. मात्र ती घरे टिकून आहेत. कारण ती रोज पोळ्या लाटणाऱ्या, औषध देणाऱ्या पुष्कळ सामान्य माणसांच्या बळावर उभी होती. एका थोर माणसावर किंवा एका आईवर सारे सोपविणे धोक्याचेच असते. अनेक साध्या माणसांनी थोडे थोडे वाटून घेतलेलेच पुढे चालते, आणि त्यात एकमेकांवर नजरही राहते.

मग परीक्षा घेतली. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे तीन रात्रींकरिता बोरिवलीला राहावयास गेलो. धाकटा घरीच राहिला. रात्री सोबतीला भाचा. पहिल्या रात्री तो रडला. भाच्याने वही उघडून पाहिली आणि त्याला एकटे सोडले. दुसऱ्या रात्री त्याने तीन ताटे मांडली, जेवला, निजला. तिसऱ्या दिवशी फुलांचे दोन पुठ्ठे भरले. इकडे त्याच्या आईला मात्र तिन्ही रात्री झोप नव्हती. आम्ही परतलो तेव्हा तो फाटकाशी होता. आईच्या गळ्यात पडला, मग बापाला म्हणाला, "उद्या पुन्हा जा." ते तो का म्हणाला हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही. कदाचित भाच्याने रोज संध्याकाळी वडापाव आणला होता म्हणून असेल.

सारे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक व लवकर असतो. मध्यंतरी त्याने दोनदा चपला उलट्या घातल्या, तेव्हा आमच्या काळजाचा ठोका चुकला. ती तारीख वहीत लिहिली आहे. आमच्या घरात आता तीन वृद्ध माणसे आहेत, त्यांतील एकाचे वय तेवढे कमी आहे. भाच्याचे उद्या लग्न होईल, काकी थकतील, तरुण आखातात जाईल. हात बदलत राहतील. म्हणून वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवशी, नाताळच्या आधी, जेवणाला बसून कोणी काय करावयाचे हे पुन्हा ठरवितो. आता त्यालाही विचारतो. गेल्या वेळी त्याने सांगितले की रविवारी क्रिकेट नको, फुटबॉल हवा.

रोझरी आम्ही अजून म्हणतो. ते जुने मागणे मात्र केव्हा गळून पडले हे आम्हां दोघांच्याही लक्षात आले नाही. परवा आईने ते प्रथमच उघड बोलून दाखविले, आणि बापाने कबूल केले की तोही तेच मागत होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. ओटीवर धाकटा शनिवारची मजुरी मोजीत होता. पाच नोटा झाल्या की पुन्हा एकपासून.